रिव्हरवर कॉल की फोल्ड: जी पानं कधी दिसतच नाहीत

रिव्हर पडला की पोकर एकदम वेगळा खेळ होतो. ज्यांनी टेक्सस होल्डेम खेळलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून आधी तीन पानं उघडतात तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, आणि शेवटचं पाचवं पान म्हणजे रिव्हर, आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची एक फेरी. टर्नपर्यंत हातात काही नसलं तरी पुढचं पान येईल आणि काम होईल असं मनाला सांगता येतं. रिव्हरनंतर ते नाही. तुमचा हात जो आहे तो आहे, समोरच्याचा जो आहे तो आहे, कोण जिंकलंय हे ठरून गेलेलं असतं, फक्त तुम्हाला माहीत नसतं. आणि ते बघायचं तर पैसे भरावे लागतात. समोरच्याने लावलेली रक्कम म्हणजे बेट, तेवढीच भरलीत तर कॉल, पानं टाकून दिलीत तर फोल्ड, आणि मधे साठलेले सगळे पैसे म्हणजे पॉट.

भरलेत तर समोरच्याला पानं दाखवावीच लागतात, कारण ज्याची बेट कॉल झाली त्याने आधी उघडायचं हा नियम. टाकून दिलीत तर तो आपली पानं तशीच उलटी डीलरकडे सरकवतो आणि पॉट ओढून घेतो. तुम्हाला विचारायचा हक्क नाही, त्याच्यावर सांगायचं बंधन नाही, आणि डीलरने गड्डी पिसली की ती दोन पानं कुठली होती हे जगात एकाच माणसाला माहीत असतं.

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो, आमचा आपल्याच मराठी मित्रांचा एक बेसमेंटमधला गेम आहे, आणि अधूनमधून पार्कवे धरून अटलांटिक सिटीला जाऊन बसतो. इतक्या वर्षांत माझं एक मत अगदी पक्कं झालंय, की रिव्हरवर माणसं पैशासाठी कमी आणि ‘कळावं’ म्हणून जास्त कॉल करतात. हे नीट मांडावं असं खूप दिवस मनात होतं म्हणून हा लेख.

आधी ती जागा समजून घेऊ जिथे हा प्रश्न खरा अवघड होतो. हातात सगळ्यात मोठा हात असेल तर प्रश्नच नाही. हातात काहीच नसेल तरी प्रश्न नाही. अडचण मधल्या हाताची. एक बरी जोडी आहे, समोरच्याने रिव्हरवर मोठी बेट लावलीये, आणि तुम्हाला स्पष्ट दिसतंय की त्याच्याकडे खरंच काही असेल तर आपण हरलोय, आणि तो थापा मारत असेल, म्हणजे ब्लफ करत असेल, तरच आपण जिंकणार. अशा हाताला ब्लफ कॅचर म्हणतात. मग इथे एक गंमतीची गोष्ट होते जी नवीन खेळाडूंना पटायला फार वेळ लागतो, ती ही की तुमचा हात किती चांगला आहे याला आता जवळजवळ काही अर्थच उरत नाही. वरची जोडी काय आणि मधली जोडी काय, दोन्ही फक्त ब्लफलाच हरवतात. लोक आपल्या एक्क्यांच्या जोडीकडे बघत बसतात, अरे एवढा सुंदर हात टाकू कसा, पण प्रश्न तुमच्या पानांचा राहिलेलाच नसतो, प्रश्न समोरच्याचा असतो.

या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे २००३ सालची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, लास व्हेगास, बिनियन्स हॉर्सशू. मेन इव्हेंटला १०,००० डॉलर भरून ८३९ जण बसले होते. शेवटी दोघे उरले. एक सॅमी फरहा, लेबनॉनमध्ये जन्मलेला, मुरलेला कॅश गेमवाला, तोंडात न पेटवलेली सिगरेट. दुसरा ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा अकाउंटंट, जो ऑनलाइन एका छोट्या सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या स्पर्धेची जागा जिंकायच्या छोट्या स्पर्धेत, शंभर डॉलरच्याही आत पैसे भरून तिथवर पोचलेला. एका हातात मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती, फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. फ्लॉप पडला इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फरहाला वरची जोडी लागली. दोघांनीही चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पुढे गेले. टर्नला इस्पिकची अठ्ठी. फरहाने तीन लाख चिप्स लावल्या, मनीमेकरने आठ लाखांवर नेलं, फरहाने कॉल केलं. रिव्हरला बदामची तिर्री, म्हणजे कोणाच्याच कामाची नाही. मनीमेकरचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) चुकला, स्ट्रेट (ओळीने पाच पानं) चुकली, हातात नुसता राजा, एक जोडीसुद्धा नाही. फरहाने चेक केलं आणि मनीमेकर ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

आता फरहाच्या जागी बसून बघा. पॉटमध्ये साधारण १८ लाख चिप्स, कॉल करायची तर पॉटपेक्षा बऱ्याच जास्त, म्हणजे होत्या नव्हत्या त्या सगळ्या. हरला तर स्पर्धा तिथेच संपली. त्याने बराच वेळ घेतला, मनीमेकरकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाला की तुझा फ्लश चुकलेला दिसतोय. म्हणजे त्याने ओळखलं होतं! तरी त्याने नव्व्यांची जोडी टाकून दिली. थोड्याच हातांनंतर मनीमेकर फुल हाऊसवर (तीन एकसारखी आणि दोन एकसारखी पानं) जिंकला, २५ लाख डॉलर घेऊन गेला, आणि टीव्हीवर ते बघून जगभर लोकांना वाटलं की अरे हे आपल्यालाही जमेल. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ जण आले, २००६ मध्ये ८,७७३.

त्या एका फोल्डबद्दल फरहाला लोक वीस वर्षांहून जास्त काळ बोलतायत. मला ते अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो. आपण तो हात बघतो तेव्हा दोघांची पानं स्क्रीनवर दिसत असतात. टेबलाखालून पानं दाखवणारी ती कॅमेऱ्याची युक्ती हेन्री ओरेनस्टीन नावाच्या माणसाची. हा पोलंडमध्ये जन्मलेला, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत सुटलेला, नंतर अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात नाव काढलेला. त्याने १९९५ मध्ये त्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं आणि त्यामुळेच पोकर टीव्हीवर बघण्यालायक झालं, त्याआधी नुसती गप्प बसलेली माणसं दिसायची. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण त्या कॅमेऱ्याने आपल्याला एक सवय लावली, की रिव्हरचा निर्णय उत्तर बघून जोखायचा. ‘फरहाने कॉल करायला हवा होता’ हे वाक्य इस्पिकचा राजा आणि सत्ती बघूनच बोललं जातं. फरहाला ती दिसत नव्हती. त्याला काय दिसत होतं, तर टेबलावर तीन इस्पिक, एक नवखा माणूस ज्याने टर्नला रेज केलंय, म्हणजे बेट वाढवलीये, आणि आता आख्खा ढीग पुढे ढकललाय. त्याच्या नव्व्या ब्लफ सोडून कशालाही हरवत नव्हत्या.

आता थोडं गणित, कारण गणिताशिवाय हा विषय नुसता गप्पांचा होतो. समोरच्याने अर्धा पॉट बेट लावली तर कॉल परवडायला तुम्हाला २५ टक्के वेळा जिंकावं लागतं. पूर्ण पॉट लावला तर ३३ टक्के. पॉटच्या दुप्पट लावला तर ४० टक्के. काढायचं कसं, तर कॉलची रक्कम भागिले कॉलनंतरचा एकूण पॉट, बस. या हिशोबाला पॉट ऑड्स म्हणतात. म्हणजे बघा, पॉटच्या दुप्पट बेट असली तरीसुद्धा दहातल्या सहा वेळा हरून तुम्ही बरोबरीत राहता. हे कळलं की ‘मला खात्री नाही’ हे वाक्य बोलायची गरज उरत नाही, खात्री कोणी मागितलेलीच नाही. प्रश्न एवढाच की या माणसाने, या बोर्डवर (टेबलावरच्या या पाच पानांवर), या पद्धतीने खेळून, इतक्या टक्के वेळा ब्लफ केलेलं असू शकतं का.

माझा एक हात सांगतो. एक-तीन डॉलरचा गेम (म्हणजे दर हाताला दोघांनी सक्तीने आधीच लावायचे एक आणि तीन डॉलर), अटलांटिक सिटी, शनिवारची संध्याकाळ. माझ्याकडे बदामचा एक्का आणि किलवरची राणी. मी पंधरा डॉलरची बेट लावली, बिग ब्लाइंडवरच्या, म्हणजे ते सक्तीचे तीन डॉलर लावलेल्या, एका वयस्कर गृहस्थांनी कॉल केलं, टोपी घातलेले, शांत, बहुतेक दर आठवड्याला येणारे, डीलर त्यांना नावाने हाक मारत होते. फ्लॉप इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची चव्वी. त्यांनी चेक, मी वीस, त्यांचा कॉल. टर्न किलवरची दुर्री. चेक, मी पंचेचाळीस, कॉल. रिव्हर बदामची छक्की. पॉट १६१ डॉलर. आणि इथे त्यांनी चेक केलंच नाही, स्वतःहून १२० डॉलर मोजून पुढे ठेवले, अगदी नीट, चिप्सचे गठ्ठे सारखे करून.

१२० भागिले ४०१, म्हणजे ३० टक्के. आता त्यांच्याकडे मला हरवणारं काय असू शकतं ते मोजायचं. अठ्ठ्यांचा सेट, म्हणजे तीन अठ्ठ्या, तीन प्रकारे. चव्व्यांचा सेट, तीन प्रकारे. राणी-अठ्ठी एकाच रंगाची, एक राणी माझ्या हातात आणि एक बोर्डवर असल्यामुळे उरतात दोन प्रकार. इस्पिकची सत्ती-पंजी, जिचा फ्लश चुकला पण रिव्हरला स्ट्रेट लागली, एक प्रकार. झाले नऊ. राजा-राणी घेऊन असा माणूस रिव्हरला स्वतःहून मोठी बेट लावत नाही, चेक करतो, म्हणून ते सोडून दिलं. नऊ खऱ्या हातांसमोर मला चार ब्लफ हवेत, चार सापडले की कॉल परवडला. आणि चुकलेले फ्लश तर कितीतरी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राजा-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, सगळे इस्पिकचे. शिवाय माझ्या हातात एकही इस्पिक नाही ही कॉलच्या बाजूची गोष्ट, कारण माझा एक्का बदामच्या ऐवजी इस्पिकचा असता तर त्यांच्या चुकलेल्या फ्लशमधले एक्कावाले सगळे हात आपोआप बाद झाले असते. याला ब्लॉकर म्हणतात, आणि रिव्हरवर कधीकधी तुमच्या हातातल्या एका पानाचा रंगच कॉल की फोल्ड ठरवतो, ही मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

म्हणजे कागदावर कॉल. पण कागदावर तो माणूस नसतो. त्यांच्याकडे चुकलेले फ्लश असू शकतात हे खरं, पण ते चुकल्यावर हा माणूस १२० डॉलर मोजून पुढे ठेवेल का? छोट्या स्टेक्सच्या लाइव्ह गेममध्ये जो खेळलाय त्याला माहितीये की तिथे, आणि त्यातही अशा शांत जुन्या खेळाडूंमध्ये, दोनदा चेक-कॉल करून रिव्हरला अचानक पुढे येऊन मोठी बेट म्हणजे फार वेळा खरा हातच असतो. चुकलेला फ्लश घेऊन ही मंडळी सुस्कारा सोडतात आणि चेक करतात. मला त्या सहा-सात हातांपैकी चार हातांनी बेट लावली असती असं वाटायला हवं होतं, आणि मला दोनच्या वर वाटत नव्हतं. मी राणी टाकली. त्यांनी पानं उलटी सरकवली, चिप्स ओढल्या, पाण्याचा घोट घेतला. संपलं.

परत येताना गाडीत माझा मित्र, जो माझ्या शेजारच्याच सीटवर बसून सगळं बघत होता, एक्झिट येईपर्यंत मला सोडेना. “अरे पण काय होतं त्यांच्याकडे?” म्हटलं माहीत नाही. “विचारायचंस तरी!” म्हटलं विचारून काय होणार, खरंच सांगतील कशावरून. “मला तर झोपच लागली नसती रे, मी एकशेवीस डॉलर देऊन टाकले असते, पण बघितलं असतं.” तो हे अगदी मनापासून बोलत होता, आणि त्याच्या त्या वाक्यात मला सगळ्या रिव्हर कॉल्सचं खरं कारण दिसलं. एकशेवीस डॉलर त्याला पॉटसाठी द्यायचे नव्हते, झोपेसाठी द्यायचे होते.

यात त्याचा एकट्याचा दोष नाही, आपण वाढलोच तसे. गणपतीच्या जागरणात नाहीतर दिवाळीत तीन पत्ती शिकलेली माणसं आपण, तिथे दोघे उरले की डबल टाकून ‘शो’ मागायचा आणि बघायचं, ते न बघता जो पॅक करतो तो घाबरट. माझ्या लहानपणी आमच्याकडे कोणी चांगली पानं पॅक केली आणि समोरच्याने मुद्दाम फेकून दाखवलं की नुसती दुर्री-पंजी होती, तर तो माणूस पुढची पाच वर्षं चिडवला जायचा. त्या चिडवण्याची भीती आपण सोबत घेऊन पोकर टेबलवर बसतो. बेट समोर येते आणि डोक्यात हिशोब सुरू व्हायच्या आधी ‘हा मला उल्लू बनवतोय’ हे सुरू होतं. एकदा ते सुरू झालं की माणूस पॉट ऑड्स बघत नाही, तो स्वतःची इज्जत वाचवायला कॉल करतो.

आणि इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं सांगायचंय. ब्लफने हरणं हा अपमान नाही, तो बरोबर खेळण्याचा भाग आहे, आणि हे नुसतं मनाचं समाधान नाही, हे सिद्ध झालेलं आहे. जॉन फॉन नॉयमन, हंगेरीचा तो अफाट गणिती, त्याने १९२८ मध्ये दोन जणांच्या खेळांबद्दलचा मूळ सिद्धांत मांडला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर लिहिलेल्या पुस्तकात पोकरवर एक आख्खा विभाग घातला. त्याचं पोकर अगदी साधं केलेलं, पुढे कुठलं पान यायचं नाही, दोघांकडे एकेक आकडा, लावायचं की नाही एवढंच, म्हणजे पाहिलं तर तो रिव्हरच. त्याला सापडलं की सगळ्यात चांगल्या हातांनी बेट लावायची आणि सगळ्यात वाईट हातांनीसुद्धा लावायची, मधल्या हातांनी गप्प राहायचं. ब्लफ म्हणजे काही लबाड माणसाचा स्वभाव नाही, तो गणितातूनच निघतो.

त्याची दुसरी बाजू कॉल करणाऱ्याची. समोरच्याने पॉट एवढी बेट लावली तर तुम्ही आपल्या हातांपैकी साधारण निम्म्याने कॉल करायचं, त्याहून जास्त टाकलंत तर तो कुठल्याही दोन पानांनी तुम्हाला लुटू शकतो. बरं, निम्म्याने कॉल करायचं म्हणजे निम्मे टाकायचे. म्हणजे त्याने जेव्हा जेव्हा ब्लफ केलं त्यातल्या निम्म्या वेळा ते चालणार आहे. तुम्ही अगदी अचूक खेळलात तरी चालणार आहे. ज्याला कधीच कोणी ब्लफ करून पळवत नाही तो माणूस फार हुशार नसतो, तो प्रत्येक वेळी पैसे भरत असतो. हे वाक्य मी आमच्या बेसमेंटमध्ये इतक्या वेळा बोललोय की पोरांना पाठ झालंय, पण ते खरं आहे.

२०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी बनवलेला लिब्राटस नावाचा प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंशी १,२०,००० हात खेळला आणि १७ लाखांहून जास्त चिप्सने जिंकला. शेवटच्या फेऱ्यांत तो नुसता पाठ केलेलं खेळायचा नाही, तो सुपरकॉम्प्युटरवर त्या हाताचं गणित तिथल्या तिथे नव्याने सोडवायचा. मला त्याच्याबद्दल सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये, तर काही जागी असा प्रोग्राम तोच हात, तोच बोर्ड, तीच बेट असताना एकदा कॉल करतो आणि एकदा फोल्ड करतो, ठरावीक प्रमाणात, जवळजवळ नाणं उडवल्यासारखं. कारण समोरचा अचूक खेळत असेल तर मधल्या ब्लफ कॅचरला कॉल आणि फोल्ड दोन्हीची किंमत सारखीच येते. दोन्ही बरोबर. म्हणजे ज्या निर्णयावर माणूस चार मिनिटं डोकं धरून बसतो, घाम गाळतो, आख्खं टेबल थांबवतो, तो बहुतेक वेळा असा असतो जिथे काहीही केलं तरी फार फरक पडत नव्हता. निर्णय जड वाटतो तो याचसाठी की दोन्ही पारडी सारखी आहेत. हे समजल्यावर माझ्या अंगावरून एक ओझं उतरलं खरं सांगतो.

पण समोर लिब्राटस नसतो, माणूस असतो, आणि माणसाचं पारडं नेहमी कुठेतरी झुकलेलं असतं. कोणी फार ब्लफ करतो, कोणी कधीच नाही. म्हणून गणित फक्त रेघ आखून देतं, तीस टक्के, आणि माणूस रेघेच्या कुठल्या बाजूला उभाय ते तुम्ही बघायचं. हे बघणं आणि ‘मला कळलंच पाहिजे’ हे वाटणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टेबलावर त्या एकाच आवाजात बोलतात म्हणून घोटाळा होतो.

कुतूहलाची ताकद किती असते याचं मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण १९९८ च्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या हातातलं. स्कॉटी नुयेन विरुद्ध केविन मॅकब्राइड. बोर्डवर तीन अठ्ठ्या आणि दोन नव्व्या, म्हणजे फुल हाऊस टेबलावरच पडलेलं, सगळ्यांचं. मॅकब्राइडकडे बदामची राणी-दश्शी, काहीच जुळलेलं नाही, त्याचा हात म्हणजे बोर्डच. स्कॉटी ऑल-इन गेला, उभा राहिला आणि त्याला म्हणाला की तू कॉल केलंस की सगळं संपलं बघ. आता विचार करा, मॅकब्राइडला इथे जिंकणं शक्यच नव्हतं. कुठलीही नव्वी, कुठलीही अठ्ठी, दश्श्यांपासून वरची कुठलीही जोडी त्याला हरवते, आणि स्कॉटीकडे काहीच नसलं तर पॉट निम्मा निम्मा. चांगल्यात चांगलं म्हणजे बरोबरी. मॅकब्राइडने कॉल केलं. स्कॉटीने नव्वी दाखवली आणि दहा लाख डॉलर जिंकला. मी तो हात पुन्हा पुन्हा बघितलाय, आणि मला प्रत्येक वेळी वाटतं की तो माणूस चिप्स टाकत नव्हता, तो त्या वाक्याला उत्तर देत होता. समोरचा बोलला, हसला, आव्हान दिलं, की आतून काहीतरी उठतं आणि हात पुढे जातो.

मग न कळण्याचं करायचं काय? फोल्डचं दुखणं हेच की ते कधी बंद होत नाही. कॉल करून हरलात तर निदान उत्तर मिळतं, दहा मिनिटं वाईट वाटतं आणि जातं. फोल्ड म्हणजे नाकारलेल्या स्थळासारखं, तिकडे काय झालं असतं ते आयुष्यात कधीच कळत नाही, आणि मन रिकाम्या जागेत स्वतःला हवं ते भरत बसतं, चांगल्या दिवशी वाटतं वाचलो, वाईट दिवशी वाटतं फसलो. मी हे सहन करायला शिकलो असं म्हणण्यापेक्षा मी प्रश्नच बदलला. ‘त्यांच्याकडे काय होतं’ याच्याऐवजी ‘मला जेवढं दिसत होतं त्यावरून मी नीट मोजलं का’ हा प्रश्न, कारण याचं उत्तर मला त्याच रात्री घरी बसून वहीत काढता येतं, त्यासाठी कोणाची पानं लागत नाहीत. नऊ बरोबर धरले होते का, ब्लफमध्ये काही सुटलं का, दोन हा आकडा मी त्यांच्या खेळावरून काढला की त्यांच्या टोपीवरून. या शेवटच्या प्रश्नावर मी खूप वेळ घालवतो, कारण वय आणि कपडे बघून माणूस ठरवणं हा टेबलावरचा सगळ्यात सोपा आळस आहे.

पैशांचंही थोडं बोलतो. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आला, त्यामुळे पुण्यातले माझे मित्र जे फोनवर खेळायचे ते थांबलं, कोणी वर्षातून एकदा गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर जातात, बाकीचे घरी नुसत्या प्लास्टिकच्या चिप्सवर खेळतात. फोनवर रात्री दोन वाजता पगार उडवलेली माणसं मी बघितलीयेत, त्यामुळे ते बंद झाल्याचं मला वाईट वाटत नाही. पण नुसत्या चिप्सवर खेळणाऱ्यांची तक्रार असते की कोणी फोल्डच करत नाही, आणि ते साहजिक आहे, बघणं फुकट झालं की रिव्हरचा प्रश्नच उरत नाही, सगळे शेवटपर्यंत कॉल करतात. त्यांनी एक छान उपाय काढला, रात्रीला एकच ढीग, संपला की उठायचं, आणि जो उठेल त्याने बाकीच्यांसाठी चहा करायचा. मग हळूहळू लोक रिव्हरवर विचार करायला लागले. रुपया लागत नाही, काहीतरी गमवायची किंमत लागते. आणि ज्याला पैसे लावायचेत त्याने एवढं पाळावं की जी रक्कम गेली तर घरात कोणाला कळणारसुद्धा नाही तेवढीच टेबलावर ठेवावी, नाहीतर रिव्हरवर तुम्ही पानांचा नाही, भाड्याचा विचार करत बसता.

मित्राला मी त्या रात्री गाडीत एक गोष्ट सांगितली ती अजून पाळतो. कुतूहल मारायचं नाही, ते फुकट भागवायचं. बहुतेक लोक आपण फोल्ड केलं की फोन काढतात. मी तेव्हाच सगळ्यात जास्त लक्ष देतो, कारण दुसऱ्या कोणीतरी कॉल केलं की त्या माणसाला पानं उघडावी लागतात आणि बिल दुसऱ्याने भरलेलं असतं. त्याच संध्याकाळी, माझ्या फोल्डनंतर तास-दीड तासात, त्या टोपीवाल्या गृहस्थांनी आणखी दोनदा रिव्हरला मोठी बेट लावली आणि दोन्ही वेळा दुसऱ्यांनी कॉल केलं. एकदा त्यांनी पंज्यांचा सेट दाखवला. दुसऱ्या वेळी चुकलेला फ्लश, राजा-दश्शी, आणि चेहऱ्यावर तोच शांतपणा. मी दोन्ही लिहून घेतलं, आणि त्यांच्यासाठीचा ‘दोन’ होता तो खोडून ‘तीन’ केला. चार अजून नाही.